पुण्यातून पहिल्यांदाच अ‍ॅनिमे कॉनला चाललात? मग या चुका टाळा

कॉन म्हणजे अ‍ॅनिमेच्या, जपानी कार्टूनच्या, चाहत्यांचा मेळावा. त्याची तिकिटं निघाली की माझ्या फोनवर तेच प्रश्न सुरू होतात, आणि कॉनच्या दिवशी तेच चित्र दिसतं. दुपारी तीनला पोरं हॉलच्या भिंतीला टेकून बसलेली असतात, पायाला फोड, फोन बंद, कॉस्प्ले, म्हणजे आवडत्या कॅरेक्टरचा वेश, अर्धा सुटलेला. वर्षभर वाट बघून, पॉकेटमनी साठवून आलेली असतात ही पोरं, म्हणून जास्त जीव तुटतो. एकदाच सगळं नीट लिहून ठेवते, पुढच्या वेळी विचारलं की हेच पाठवेन.

सगळ्यात मोठी चूक, आदल्या रात्रीची ग्लू गन. आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राने पहिल्याच कॉनला पूर्ण आर्मर, म्हणजे फोमचं चिलखत, घालायचं ठरवलं. रीलमध्ये तीस सेकंदांत हेल्मेट तयार होतं ना, त्यामुळे त्याला वाटलं दोन दिवस खूप झाले. शुक्रवारी संध्याकाळी फोम शीट आली आणि रात्री अकरा ते पहाटे चार आम्ही चौघं कोथरूडला त्याच्या घरी बसून कापतोय, चिकटवतोय, रंगवतोय. ग्लू गन वापरली कारण ती लगेच धरते. सकाळी आरशासमोर उभा राहिला तेव्हा खरंच भारी दिसत होता, काळं आर्मर, खांद्यावर मोठाले शिंगासारखे तुकडे, त्याची आई पण बघायला आली. मग स्कूटरवरून चिंचवडपर्यंत गेलो, आणि तिथे एन्ट्रीच्या लायनीत भर उन्हात तासभर. काळा रंग ऊन ओढून घेतो आणि ग्लू गनचा गोंद म्हणजे शेवटी वितळवून घट्ट झालेलं प्लास्टिक, तापलं की परत मऊ पडतं. आधी डावा खांदा हळूहळू खाली सरकला, गोंदाची लांब पांढरी तार निघाली, मेणासारखी, आणि तुकडा पुढच्या मुलीच्या बॅगवर पडला. दहा मिनिटांत छातीचा जोड उघडला. दिवसभर तो पोरगा सेलोटेप लावून एका कोपऱ्यात बसला, कोणी फोटो मागितला तर नको म्हणायचा. त्याने पाच महिने त्या कॅरेक्टरची तयारी डोक्यात केली होती आणि हाताने फक्त पाच तास.

तर फोमच्या जोडाला ग्लू गन नको. छोटी बटणं, दागिने, फुलं लावायला चालेल, वजन पेलणाऱ्या जोडाला नाही. चपला चिकटवतात ते सोल्युशन घ्या, फेविबॉण्डच्या जातीचं. दोन्ही बाजूंना पातळ थर लावा आणि मग थांबा. इथेच नव्या लोकांचा संयम संपतो, ओलं असतानाच दाबतात आणि मग म्हणतात चिकटतच नाही. दहा मिनिटं थांबायचं, बोट लावलं तर बोटाला काही लागता कामा नये, मग जोडायचं, आणि नीट बघून जोडायचं कारण एकदा टेकलं की सरकवता येत नाही. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो. रंगाच्या आधी फोमवर हीट गन फिरवा, पृष्ठभाग किंचित चमकायला लागला की छिद्रं बंद झाली समजायचं, त्यावर पाणी घातलेल्या फेविकॉलचे तीन-चार पातळ हात, प्रत्येक हात वाळू द्यायचा. मग रंग. हे सगळं करायला मला स्वतःला सहा आठवडे लागतात, रोज थोडं थोडं. कोणी म्हणालं वीकेंडला होतं, तर त्याचं आर्मर संध्याकाळी पाच वाजता कसं दिसतं ते बघा आणि मग ठरवा. साहित्यासाठी मी रविवार पेठेत बोहरी आळीत जाते, फोम हातात घेऊन दाबून बघता येतो, ऑनलाइन फोटोवरून जाडी कळत नाही.

आणि खरं सांगू, पहिल्या कॉनला आर्मर करूच नका. कपाटातले कपडे घ्या. शाळेचा पांढरा शर्ट, काळी पँट, टाय आणि एक बरा विग, एवढ्यात अ‍ॅनिमेतली निम्मी शाळकरी कॅरेक्टर्स होतात. 'डीमन स्लेयर'मधल्या तांजिरोचा हिरव्या-काळ्या चौकड्यांचा हाओरी, म्हणजे वरून घालायचा सैल जपानी झगा, करायचा तर लक्ष्मी रोडवर कापड मिळतं आणि शिवणाऱ्या काकूंना फोटो दाखवला की त्या बरोबर शिवून देतात, मला दिलाय. कॉस्प्ले न करता साध्या टी-शर्टमध्ये आलात तरी तुम्ही पूर्ण फॅनच आहात. पहिल्या वर्षी मी तशीच गेले होते आणि सगळ्यात जास्त त्याच वर्षी बघून झालं.

विगबद्दल दोनच गोष्टी. आतून विग कॅप घाला, आणि विंचरताना टोकापासून वर जा, मुळापासून खाली ओढलात तर तुळशीबागेतला असो नाहीतर परदेशातून मागवलेला, त्याच दिवशी त्याचा झाडू होतो.

नवे बूट घालून येऊ नका. आठवडाभर घरात घालून फिरा.

घरून पूर्ण कॉस्प्ले घालून निघू नका. स्कूटरवर झगा चाकात जातो, हे मी घाबरवायला लिहीत नाहीये, होताना बघितलंय. टोकियोच्या कॉमिकेटला, म्हणजे फॅन्सनी स्वतः काढलेल्या कॉमिक्सच्या मोठ्या मेळाव्याला, तर घरून कॉस्प्ले घालून यायला मनाईच आहे, तिथे वेगळ्या खोल्यांत कपडे बदलायचे आणि निघताना परत साधे कपडे. आपल्याकडे बदलायला जागा आहे का ते आधी विचारून ठेवा, नसेल तर कॉस्प्लेतले साधे शर्ट-पँटसारखे कपडे घालून या आणि वरचा भाग तिथे चढवा. मेट्रोने येणार असाल तर प्रॉप, म्हणजे कॅरेक्टरच्या हातातली तलवार वगैरे, मोठ्या पिशवीत झाकून आणा, स्टेशनवर बॅगा तपासतात आणि उघडी तलवार बघून प्रश्न येणारच, फोमची असली तरी. धातूची तर कुठेच आणू नका, गेटवर जमा होईल आणि दिवसभर तुमचं लक्ष तिच्यातच राहील.

आता माझी दुसरी दुखरी नस, ग्रुप. नऊ जण एकत्र येतात आणि ठरवतात की दिवसभर नऊ जण एकत्रच फिरायचं. एकाला फिगर, म्हणजे कॅरेक्टरच्या छोट्या मूर्ती, बघायच्यात, एकीला स्टेजवरचं पॅनेल ऐकायचंय, दोघांना फक्त फोटो काढायचेत, आणि एकाला भूक लागलीय. मग नऊ जण कुठल्याही स्टॉलसमोर वीस मिनिटं नुसते उभे राहतात, "काय करायचं?" "तू सांग." असं करत दिवस जातो.

एकदा आम्ही असेच नऊ गेलो, त्यात माझ्या मैत्रिणीची धाकटी बहीण होती, पंधरा वर्षांची, पहिलीच कॉन. कुठे भेटायचं हे काहीच ठरवलं नव्हतं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे की, असं सगळेच म्हणाले. बाराच्या सुमारास गर्दी वाढली आणि नेटवर्क गेलं. साडेबाराला लक्षात आलं की ती आमच्यात नाहीये. पन्नास मिनिटं शोधलं. मैत्रिणीचा चेहरा पांढरा पडला होता, आईला काय सांगू एवढंच म्हणत होती, आणि मी प्रत्येक गुलाबी विगच्या मागे धावत होते कारण तिने गुलाबी विग घातला होता आणि त्या दिवशी हॉलमध्ये निदान वीस गुलाबी विग होते. शेवटी ती स्टेजजवळ सापडली, पहिल्या रांगेत, व्हॉइस अ‍ॅक्टिंगवरचं बोलणं मन लावून ऐकत. मला बघून म्हणाली, "ताई, मी ग्रुपवर टाकलं होतं ना." तिने फोन दाखवला. "मी स्टेजकडे जातेय, तुम्ही या" असा मेसेज, वेळ 11:52, आणि शेजारी एकच टिक. तिची काहीच चूक नव्हती. मोठे आम्ही होतो.

तेव्हापासून माझा नियम, आत शिरल्यावर सगळ्यात आधी भेटायची जागा ठरवायची, आणि ती न हलणारी हवी. अमुक कॅरेक्टरच्या पुतळ्याजवळ नको, दहा जण त्याच्यासमोर फोटो काढत असतात. खांब, जिना, पाण्याचा कूलर, असं काहीतरी. दर दोन तासांनी सगळ्यांनी तिथे यायचं, मेसेज येवो न येवो. मधल्या वेळात दोघं-तिघं मिळून, ज्यांची आवड जुळते त्यांनी एकत्र फिरायचं. एकट्याने कोणीच नाही, लहान तर अजिबात नाही. आणि दोन फोन नंबर कागदावर लिहून खिशात, कारण फोन बंद पडला की कोणालाच कोणाचा नंबर पाठ नसतो. तिकिटाचा क्यूआर पण घरीच स्क्रीनशॉट काढून ठेवा.

नेटवर्क गेलं की यूपीआय पण जातं. पन्नास-शंभरच्या नोटा ठेवा. नवे लोक पाचशेची नोट काढतात आणि ऐंशी रुपयांचा स्टिकर मागतात, समोरचा आर्टिस्ट सुट्टे आणणार कुठून?

आर्टिस्टवरून आठवलं, तिथे घासाघीस करू नका. तुळशीबागेत मी पण करते, तिथे ती रीतच आहे. पण आर्टिस्ट अ‍ॅलीमध्ये, म्हणजे चित्रं विकणाऱ्यांच्या रांगेत, टेबलामागे बसलेल्या पोरीने ते चित्र स्वतः काढलंय, स्वतःच्या पैशाने प्रिंट केलंय, टेबलाचं भाडं भरलंय. कॉमिकेट 21 डिसेंबर 1975 ला सुरू झालं तेव्हा तिथे फक्त 32 गट होते आणि साधारण 700 लोक आले होते, स्वतः काढून स्वतः छापलेलं विकणारी मंडळी. आज तेच सगळ्या जगातले फॅन जातात असं ठिकाण आहे. आपल्या पुण्यात हे वाढावं असं वाटत असेल तर दोनशेची प्रिंट दोनशेलाच घ्या. घ्यायची नसेल तर छान आहे म्हणा आणि पुढे जा, पण फोटो काढून घरी प्रिंट काढायची हे अत्यंत वाईट, मी तिथल्या तिथे टोकते.

फिगर घेताना घाई नको. नेंडोरॉइड, म्हणजे मोठ्या डोक्याची छोटी फिगर, साधारण 10 सेंटीमीटरची असते, तिच्या चेहऱ्याचा प्रिंट जवळून बघा, डोळ्यांच्या कडा पुसट असतील, प्लास्टिक चिकट लागत असेल, खोक्यावर कंपनीचं नाव अर्धवट असेल तर ती नकली. बाजारभावाच्या चौथ्या हिश्शात मिळतेय म्हणजे नशीब उघडलं असं नसतं. अख्खा हॉल एकदा फिरून या आणि मग घ्या.

कॉस्प्लेयरला विचारल्याशिवाय फोटो काढू नका आणि हात तर लावूच नका, ना विगला, ना पंखांना, ना खांद्याला. "एकच सेल्फी" म्हणत कमरेत हात घालणारे दर वर्षी दिसतात. ड्रेस कसा का असेना, तो परवानगी नाही. मित्रांपैकी कोणी असं करत असेल तर तिथेच थांबवा, नंतर समजावू असं म्हणू नका. आणि मुलींना "बरं, पाच कॅरेक्टरची नावं सांग" अशी परीक्षा घेणं पण बंद करा. तिने काल बघायला सुरुवात केली असेल तरी तिच्याकडे तुमच्याइतकंच तिकीट आहे.

सकाळी घरून पोहे-उपमा काहीतरी खाऊन निघा. अंगभर कॉस्प्ले असेल तर मिसळ नको. डिओ लावा, गरज आहे.

मुंबईच्या कॉनला जाणाऱ्यांसाठी एक. सकाळी 7:15 ची डेक्कन क्वीन चांगली, पण परतीला पण तीच काढू नका. ती सीएसएमटीहून संध्याकाळी 5:10 ला सुटते, म्हणजे हॉलमधून साडेतीनलाच पळावं लागतं, आणि कॉस्प्लेचे मुख्य कार्यक्रम बहुतेक वेळा त्यानंतरच रंगात येतात. आम्ही दादरहून शिवनेरीने येतो, उशीर होतो पण सगळं बघून होतं. घरी किती वाजता पोचणार ते आईबाबांना आधीच सांगा, खरी वेळ सांगा.

आणि दोन दिवसांचं तिकीट असेल तर पहिल्या रात्री रिस्टबँड कापून टाकू नका. दुसऱ्या दिवशी तोच दाखवून आत सोडतात, कापलेला, चिकटवलेला चालत नाही. मी अंघोळीला जाताना त्यावर दुधाची धुतलेली पिशवी बांधते आणि रबर लावते, सकाळी एकदम कोरडा असतो.