नारुतोतल्या गुरूंची शिकवण पोरांच्या गळी कशी उतरवायची

पोरांसोबत 'नारुतो' हे ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघताय ना, मग फाइट संपली की लगेच पुढचा एपिसोड लावू नका, आधी विचारा की गुरूने नेमकं काय केलं. काकाशी नावाचा गुरू नारुतो आणि त्याच्या दोन सोबत्यांची परीक्षा घेताना तिघांपुढे दोनच घंट्या ठेवतो, घंटी हिसकावता आली नाही तो नापास, वर नारुतोला खांबाला बांधून म्हणतो याला जेवण द्यायचं नाही, बाकीचे दोघे देतात आणि तिथेच तिघंही पास, कारण खरी परीक्षा एकजुटीचीच असते!

दुसरा गुरू जिराया शिकवतो तो रासेनगान, म्हणजे तळहातावर फिरणारा शक्तीचा गोळा, तर भारीच, आधी चक्र म्हणजे अंगातली शक्ती फिरवून पाण्याचा फुगा फोडायचा, मग रबरी बॉल, मग साध्या फुग्यात ती सगळी शक्ती फुगा न फोडता धरायची. आमच्या फोंड्यात भाचा तबला शिकतो, त्याला डायरेक्ट फास्टच वाजवायचं असतं, त्याला हेच दाखवून 'धा धिं धिं धा' संथ लयीत घ्यायला लावलं. गाल फुगले, पण बसला. ओरडू मात्र नका हां, काकाशीपण परीक्षा घेताना पुस्तकच वाचत असतो.