केबल टीव्ही बंद करून स्ट्रीमिंगकडे कसे वळावे

केबलचे बिल दर महिन्याला नियमाने भरले जाते, पण त्यातल्या कोणत्या वाहिन्या घरात खरोखर पाहिल्या जातात असे विचारले, तर बहुतेकांची गाडी पाच-सहा नावांपुढे सरकत नाही. केबल तोडावी की नाही, याचा निर्णय ॲपच्या जाहिराती पाहून न करता घरातल्या या पाच-सहा नावांवरून करावा. कामाचा क्रमही ठरलेला असावा: आधी यादी, मग इंटरनेट, मग उपकरण, त्यानंतर ॲप, आणि केबल तोडण्याचे काम सगळ्यांत शेवटी. उत्साहाच्या भरात पुष्कळ जण हा क्रम उलटा करतात आणि घरातली संध्याकाळची मालिका चुकली की केबलवाल्याला पुन्हा फोन लावतात.

पहिली पायरी: घरात कोण काय पाहते, ते लिहून काढावे

टीव्हीशेजारी एक वही ठेवून आठवडाभर तीन गोष्टी लिहाव्यात: कोण पाहत होते, कोणती वाहिनी लावली होती, आणि तो कार्यक्रम त्याच वेळी पाहणे गरजेचे होते का. यातली तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. मालिका रात्री आठऐवजी दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिली तरी फारसे बिघडत नाही, पण क्रिकेटचा सामना किंवा निवडणुकीचा निकाल दुसऱ्या दिवशी पाहण्यात काही अर्थ नसतो. ज्या घरात थेट प्रक्षेपण फारसे पाहिले जात नाही, त्या घराला केबल सोडणे सोपे जाते.

यादी झाली की प्रत्येक वाहिनीपुढे ती इतरत्र कुठे मिळते हे लिहावे. मराठी घरांपुरते सांगायचे, तर स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, झी मराठी, झी युवा आणि झी टॉकीज झी५वर, सोनी मराठी सोनीलिव्हवर आणि सन मराठी सन नेक्स्टवर मिळते. एबीपी माझा, टीव्ही९ मराठी, झी २४ तास यांसारख्या वृत्तवाहिन्यांचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर विनामूल्य पाहता येते, त्यामुळे केवळ बातम्यांसाठी केबल ठेवण्याचे कारण उरत नाही. दूरदर्शनच्या वाहिन्यांसाठी प्रसार भारती या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे वेव्हज हे ॲप आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये गोव्यातील इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याचे अनावरण झाले.

आता हातात सध्याचे बिल घ्यावे. १ फेब्रुवारी २०१९पासून लागू झालेल्या ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमांनुसार बिलाचे दोन भाग पडतात: जोडणी चालू ठेवण्याचे शुल्क आणि सशुल्क वाहिन्यांचे दर. जोडणीच्या शुल्काची कमाल मर्यादा अनेक वर्षे दरमहा १३० रुपये होती, म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. जुलै २०२४मध्ये ट्रायने ही मर्यादा काढून टाकली. वाहिन्यांचा मोठा गठ्ठा ज्यांच्या माथी मारला गेला आहे, त्यांनी केबल तोडण्याआधी एक साधा प्रयोग करावा. गठ्ठा रद्द करून यादीतल्या पाच-सहा वाहिन्या सुट्या मागाव्यात. वाहिन्या सुट्या निवडण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि काही घरांचा प्रश्न एवढ्यावरच सुटतो. केबलचा कंटाळा आणि बिलाचा कंटाळा या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसऱ्या तक्रारीसाठी घरातली सगळी व्यवस्था बदलण्याची गरज नसते.

दुसरी पायरी: इंटरनेट पुरेसे आहे का, ते तपासावे

वेगाची धास्ती घेण्याचे कारण नाही. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार फुल एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएस आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग पुरतो, त्यामुळे ३० एमबीपीएसच्या साध्या जोडणीवर एक टीव्ही आणि दोन मोबाइल आरामात चालतात. हा वेग मात्र राउटरशेजारी उभे राहून न मोजता टीव्ही जिथे आहे तिथे, रात्री नऊच्या सुमारास मोजावा. टीव्ही आणि राउटर यांच्यामध्ये दोन भिंती असतील, तर वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यापेक्षा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक दूर पोहोचतो, पण शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दीही त्याच पट्ट्यात असते. शक्य असेल तर राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅनची वायर ओढून घ्यावी. चित्र मध्येच अडकण्याच्या बऱ्याचशा तक्रारी त्या एका वायरीने मिटतात.

डेटाचा हिशेब वेगळा मांडावा. एचडी चित्राला तासाला साधारण ३ जीबी डेटा लागतो, म्हणजे रोज चार तास टीव्ही पाहणाऱ्या घराला महिन्याला सुमारे ३६० जीबी लागतील. फायबरच्या घरगुती जोडणीला हे अजिबात जड नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट वापरून टीव्ही चालवू म्हणणाऱ्यांनी मात्र तो विचार सोडून द्यावा, कारण रोजच्या दीड-दोन जीबीत एक तासही धड निघत नाही.

जिथे वीज वारंवार जाते, तिथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इन्व्हर्टरवर टीव्ही चालू राहिला तरी राउटर आणि फायबरचा डबा बंद पडला, तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. ही दोन्ही उपकरणे इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावीत किंवा राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस बसवावा.

गावोगावी फायबरची जोडणी देणारा माणूस पुष्कळदा तोच जुना केबलवाला असतो. तेव्हा तावातावाने भांडून केबल तोडू नये. नेट बंद पडल्यावर रविवारी सकाळी जिना चढून येणारा माणूस तोच असणार आहे, आणि केबल सोडून नेट घेतो म्हटल्यावर तो अनेकदा बऱ्यापैकी दरही देतो.

तिसरी पायरी: टीव्हीला काय जोडायचे, ते ठरवावे

टीव्ही स्मार्ट असेल तर वेगळे काही घेण्याआधी त्याच्या ॲप स्टोअरमध्ये आपल्या यादीतली ॲप उतरतात का, ते पाहावे. जुन्या स्मार्ट टीव्हींना नवी ॲप मिळेनाशी होतात किंवा ती रखडत चालतात. अशा वेळी टीव्ही बदलण्याऐवजी फायर टीव्ही स्टिकसारखे उपकरण मागच्या एचडीएमआय खाचेत लावावे. या उपकरणाला वीज टीव्हीच्या यूएसबीतून न देता सोबत आलेल्या ॲडॉप्टरमधून द्यावी, कारण टीव्हीच्या यूएसबीतून येणारा प्रवाह अपुरा पडतो आणि उपकरण मधूनच बंद होऊन पुन्हा सुरू होत राहते. लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिनांचाच जुना टीव्ही घरात असेल, तर त्याच्यासाठी स्ट्रीमिंगच्या भानगडीत न पडता पुढची पायरी वाचावी.

चौथी पायरी: फ्री डिशचा विचार केल्याशिवाय पुढे जाऊ नये

दूरदर्शनची ही डीटीएच सेवा डिसेंबर २००४मध्ये सुरू झाली, पण शहरी घरांत ती आजही गावाकडची गोष्ट समजली जाते आणि त्यामुळे हिशेबातून सुटते. डिश, सेट-टॉप बॉक्स आणि बसवण्याची मजुरी असा साधारण दीड-दोन हजारांचा खर्च एकदा केला की पुढे महिन्याचे भाडे नसते. सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या आणि हिंदी-मराठीतील काही खासगी वाहिन्या त्यावर दिसतात. खासगी वाहिन्यांच्या जागांचा प्रसार भारती लिलाव करते, त्यामुळे त्यांची यादी बदलत राहते. घेण्याच्या दिवशीची यादी पाहूनच ठरवावे. लोकप्रिय मराठी मालिकांच्या मोठ्या सशुल्क वाहिन्यांची अपेक्षा मात्र येथे ठेवू नये.

क्रिकेटच्या बाबतीत फ्री डिशची बाजू केबलपेक्षाही भक्कम आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असते. २००७च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण हक्कधारक कंपनीला प्रसार भारतीला द्यावे लागते. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी आंतरराष्ट्रीय सामने त्यात येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये असा निर्णय दिला की हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील मनोऱ्यांच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवता येईल, खासगी केबल आणि डीटीएचवर नाही. म्हणूनच डीडी स्पोर्ट्स ही एकच वाहिनी फ्री डिशवर भारताचा सामना दाखवत असताना केबलवर मात्र दुसरेच काही दाखवत असते. आयपीएल या तरतुदीत येत नाही. केबल सोडल्यावर तिच्यासाठी बहुतेक वेळा सशुल्क ॲपच घ्यावे लागते.

बसवण्यापूर्वी गच्चीवर जाऊन दिशा पाहून यावी. फ्री डिशचा उपग्रह, जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईतून तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर येतो. नागपुरातून तो थोडा अधिक दक्षिणेकडे सरकतो. त्या बाजूला उंच इमारत किंवा दाट झाड नसेल, तर काम होते. आग्नेयेला तोंड असलेली बाल्कनी असल्यास गच्चीचीही गरज पडत नाही, आणि सोसायटीच्या परवानगीचा प्रश्न आपोआप हलका होतो. सेट-टॉप बॉक्स एमपेग-४ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) प्रकारचाच मागावा. दुकानदाराकडे पडून असलेला जुना एमपेग-२ बॉक्स स्वस्त पडला तरी त्यावर सगळ्या वाहिन्या उमटत नाहीत.

माझ्या मते मध्यमवर्गीय मराठी घरासाठी फ्री डिश आणि एखादेच सशुल्क ॲप ही जोडी सर्वांत शहाणपणाची आहे. पाऊस जोराचा लागला की डिशचे चित्र फुटते हे खरे, पण नेट गेले तर डिश आणि डिश गेली तर नेट, असा एकमेकांना आधार राहतो.

पाचवी पायरी: ॲप घ्यावीत, पण एका वेळी एक

बचत हातची जाते ती इथे. जिओहॉटस्टार, झी५, सोनीलिव्ह, नेटफ्लिक्स आणि ॲमेझॉन प्राइम असे सगळे एकदम घेतले, तर बेरीज केबलच्या बिलाच्या पुढे जाते आणि पाहायला वेळ तेवढाच असतो. जी मालिका रोज पाहिली जात असेल, तिचे ॲप वर्षभर ठेवावे. बाकीची महिन्यापुरती घ्यावीत, पाहून संपवावीत आणि बंद करावीत. क्रिकेटच्या ॲपचे पैसे मोसमात भरावेत. मोबाइल किंवा ब्रॉडबँडच्या योजनेसोबत कोणती ॲप आधीच मिळाली आहेत, हेही पाहावे. कित्येक घरांत एकाच ॲपचे पैसे दोन वाटांनी जात असतात.

पैसे भरण्यापूर्वी योजनेचे नाव नीट वाचावे. स्वस्त योजना पुष्कळदा केवळ मोबाइलपुरती असते. नेटफ्लिक्सची १४९ रुपयांची योजना याच प्रकारची आहे आणि ती टीव्हीवर चालत नाही. पैसे भरले म्हणजे जाहिराती टळल्या, असेही समजू नये: ॲमेझॉन प्राइम व्हिडिओने भारतात जून २०२५पासून सभासदांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली. एका वेळी किती पडद्यांवर पाहता येईल, ही अटही पाहून घ्यावी, नाहीतर मुलगा कॉलेजमध्ये सामना पाहत बसतो आणि घरच्या टीव्हीवर मर्यादा संपल्याची पाटी झळकते.

आपोआप पैसे वळते होण्याची परवानगी यूपीआयवरून दिली असेल, तर ती यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत दिसते आणि तिथूनच रद्द करता येते. ॲप फोनवरून काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबली, असे होत नाही.

सगळ्या वाहिन्या वर्षभर फुकट दाखवणारा डबा कोणी हजार-दोन हजारांत विकत असेल, तर तो चोरीच्या प्रक्षेपणावर चालतो हे ओळखून दूर राहावे. तो एखाद्या रात्री बंद पडतोच, शिवाय घरच्या वायफायवर एक अनोळखी यंत्र बसवून ठेवल्यासारखे होते.

सहावी पायरी: दोन्ही सोयी महिनाभर एकत्र चालवाव्यात

या महिन्यात जास्तीचे काहीशे रुपये जातील, ते जाऊ द्यावेत. खरी परीक्षा तंत्राची नसून घरातल्या ज्येष्ठांच्या सवयीची असते. आजीला तिच्या वाहिनीचा तीन आकडी क्रमांक पाठ असतो. टीव्ही लावला, तीन बटणे दाबली की मालिका समोर. स्ट्रीमिंगमध्ये तिच्यापुढे आधी ॲपच्या चित्रांची रांग येते, मग कोण पाहत आहे असा प्रश्न येतो, आणि त्यातून वाट काढली तरी मालिकेऐवजी कुठल्याशा नव्या चित्रपटाची जाहिरात सुरू होते. यावर थोडी तयारी करता येते. तिच्या नावाचे स्वतंत्र प्रोफाइल करून द्यावे, पहिल्या पानावर तिला लागणारी दोनच ॲप पुढे आणून ठेवावीत, आणि रिमोटवरचे माइकचे बटण धरून मालिकेचे नाव मराठीत बोलायला शिकवावे. उच्चार यंत्राला कळला तर हे बटण तिला फार आवडते. नाही कळला, तर यंत्राची कानउघाडणी होते. महिनाअखेरीसही तिला दर वेळी कोणाला तरी हाक मारावी लागत असेल, तर त्या एका टीव्हीवर फ्री डिश किंवा मोजक्या सुट्या वाहिन्यांची केबल ठेवणेच योग्य.

थेट सामना ॲपवर काही सेकंद उशिरा दिसतो, हेही याच महिन्यात कळून येईल. शेजारच्या घरातून षटकाराचा जल्लोष आधी ऐकू येतो आणि गोलंदाज आपल्याकडे अजून धावत असतो.

सातवी पायरी: केबल रीतसर बंद करावी

नुसते बिल भरणे थांबवू नये. केबलचालकाला लेखी किंवा व्हॉट्सॲपवर तारखेसह कळवावे, ग्राहक क्रमांक लिहावा आणि पोच घ्यावी. सेट-टॉप बॉक्स भाड्याचा किंवा अनामत भरून घेतलेला असेल, तर तो ॲडॉप्टर आणि रिमोटसह परत करून पावती घ्यावी आणि परत मिळणारी अनामत तसेच खात्यातली शिल्लक मागून घ्यावी. बॉक्स विकत घेतलेला असेल तर तो तुमचाच आहे. मन अजून द्विधा असेल, तर सेवा कायमची न तोडता काही महिने तात्पुरती थांबवण्याची मागणीही करता येते. ट्रायच्या २०१७च्या सेवा-गुणवत्ता नियमांत ती सोय आहे. दुसऱ्या खोलीतल्या टीव्हीची जोडणी त्याच नावावर असल्यास तिचा उल्लेख अर्जात वेगळा करावा, म्हणजे एक जोडणी बंद होऊन दुसरीचे बिल मागे चालू राहणार नाही. केबलचे पैसे बँकेतून आपोआप जात असतील, तर ती परवानगी त्याच दिवशी रद्द करावी आणि पुढच्या महिन्याचे खाते एकदा उघडून पाहावे.