तलम सुती टी-शर्टची पारख आणि निगा

मराठवाड्यात होळी सरली की सुती टी-शर्टची खरेदी सुरू होते, आणि दुकानदार ‘एकदम तलम माल’ म्हणून जे कापड पुढे करतो ते पुष्कळदा तलम नसून नुसतेच विरळ असते. तलमपणा सुताचा असतो आणि विरळपणा विणीचा, म्हणून दुकानात पहिले काम हे करावे की टी-शर्ट उलटा करून दाराच्या उजेडासमोर धरावा. बारीक सुताच्या घट्ट विणीतून उजेड एकसारखा झिरपतो. सूत जाड-बारीक असेल किंवा वीण सैल असेल तर कापडात ढगाळ पट्टे दिसतात. त्यानंतर कापड आडवे ताणून सोडावे. ते लगेच मूळ जागी न येता झोळ धरून राहिले, तर गळा आणि कोपरे दोन महिन्यांत सैल पडतील असे समजावे.

सुताच्या दर्जाचे मूळ कापसाच्या तंतूत असते आणि ते आपल्याकडच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही, कारण जिनिंगच्या दारात व्यापारी कापसाचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत ओढून लांबी बघतो, हे परभणी-नांदेडकडच्या शेतकऱ्याने लहानपणापासून पाहिलेले असते. आपल्या देशातील वर्गवारीत साधारण २७.५ ते ३२ मिलीमीटरचा तंतू लांब आणि ३२.५ मिलीमीटरच्या पुढचा अतिलांब मानला जातो. १९७४ साली कोइमतूर येथे विकसित झालेला सुविन हा वाण या दुसऱ्या गटातला. तंतू आखूड असतील तर त्यांची टोके सुताबाहेर डोकावतात, घर्षणाने एकमेकांत गुंततात आणि काखेत, पोटावर, पिशवीचा पट्टा घासतो त्या खांद्यावर गोळे येतात. म्हणूनच लेबलवर ‘कोम्ब्ड’ हा शब्द शोधावा. सूत कातण्यापूर्वी विंचरून आखूड तंतू काढून टाकले आहेत, असा त्याचा अर्थ. मात्र नव्या कापडाच्या गुळगुळीतपणावर भिस्त ठेवू नये, कारण ‘बायोवॉश’मध्ये विकराच्या साहाय्याने वरची लव खाऊन टाकलेली असते आणि त्यामुळे साधे सूतही पहिले काही दिवस रेशमासारखे लागते.

सुताचा बारीकपणा काउंटमध्ये मोजतात. एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तितका त्याचा काउंट. या हिशेबाने ८० काउंटचे एक पौंड सूत उलगडले तर ते सुमारे ६१ किलोमीटर भरेल, म्हणजे जवळपास जालन्याहून छत्रपती संभाजीनगरपर्यंत पोहोचेल. रोजच्या टी-शर्टला ३० काउंट पुरतो, तलम मालाला ४० किंवा त्याहून वरचा लागतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. आपल्या उन्हाळ्यासाठी ४० काउंटचे १४० ते १६० जीएसएमचे कापड मला सर्वांत योग्य वाटते. त्याहून हलक्यातून बनियन दिसतो आणि २०० च्या पुढचे कापड मे महिन्यात घोंगडीसारखे वाटते. मर्सराइज्ड कापडाचे सूत ताणून धरून कॉस्टिक सोड्यातून काढलेले असते, त्यामुळे त्याला चकाकी आणि बळकटी येते व रंगही खोल चढतो. कचेरीत घालायच्या कॉलरच्या टी-शर्टसाठी त्याचे जास्तीचे पैसे मोजायला हरकत नाही.

पैसे देण्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी. साध्या एकेरी विणीत सुताचा पीळ उलगडू पाहतो आणि दोन-चार धुण्यांनंतर बगलेची शिवण पोटावर सरकते. विणीच्या उभ्या ओळी शिवणीशी समांतर नसतील, तर तो टी-शर्ट मुकाट्याने परत ठेवावा. आटण्याचाही अंदाज घ्यावा: ७० सेंटीमीटर लांबीचा टी-शर्ट ५ टक्के आटला तरी साडेतीन सेंटीमीटर जातात, म्हणून अगदी बेताच्या लांबीचा घेऊ नये.

टी-शर्ट घालून झिजतो त्यापेक्षा मोरीत आणि दोरीवर जास्त झिजतो, आणि आपल्याकडे त्याचे मोठे कारण बोअरचे पाणी आहे. त्यातील क्षार साबणाशी मिळून चिकट साका तयार करतात. तो विणीच्या फासांत बसला की पांढरा टी-शर्ट करडा पडतो आणि मऊ कापड खरखरीत होते. अशा पाण्यात साबणाच्या वडीऐवजी डिटर्जंट वापरावे, ते थंड पाण्यात आधी पूर्ण विरघळवावे, कपडा उलटा करून अर्ध्या तासाहून जास्त भिजवू नये आणि शेवटच्या बादलीत अर्धा चमचा लिंबूसत्त्व घालावे. क्लोरीनच्या ब्लीचसोबत मात्र ते कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. काळ्या मातीचा चिखल लागला असेल तर ओला असताना चोळू नये, नाहीतर बारीक चिकणमाती सुताच्या पोटात शिरते. तो पूर्ण वाळू द्यावा, झटकावा आणि मगच धुवावे.

ओल्या सुती कापडाला स्वतःचेच वजन पेलत नाही, हे मी एक निळा मर्सराइज्ड टी-शर्ट गमावून शिकलो. घाईत तो निथळता हँगरवर अडकवला आणि संध्याकाळी पाहतो तर दोन्ही खांद्यांवर शिंगांसारखी टेंगळे आलेली, लांबी चार बोटे वाढलेली; इस्त्रीने काही उपयोग झाला नाही. म्हणून न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढावे आणि बाजेवर सावलीत पसरावे. आपल्या उन्हाळी वाऱ्यात तो सावलीतही तासा-दोन तासांत वाळतो, आणि रंग शाबूत राहतो.

बेंबीच्या आसपास पडणारी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे कसरीने केली असे घरोघरी मानतात. खरे कारण बहुधा पट्ट्याचे बक्कल किंवा जीन्सचे बटण असते, कारण ओट्याला टेकून उभे राहताना कापड त्या धातूवर घासले जाते. छिद्र दिसताच, पुढची धुणी होण्यापूर्वी, आतल्या बाजूने बारीक सुईने सुटलेला फास त्याच रंगाच्या एकेरी दोऱ्यात अडकवून दोन सैल टाके घालावेत. दोरा ओढून घट्ट करू नये, नाहीतर चुणी पडते आणि शेजारचा फास सुटू लागतो.