ग्राहकांचे नंबर जाहिरातीला वापरण्याआधी
जळगावच्या सराफ बाजारात मंगळसूत्र ओवायला देणारी बाई पावतीवर आपला मोबाइल नंबर लिहून देते, तो दागिना तयार झाल्याचा निरोप मिळावा म्हणून. तोच नंबर दुकानदाराने दिवाळीच्या जाहिरातीसाठी फेसबुकच्या ग्राहकयादीत (जाहिरात कोणाला दाखवायची ते ठरवण्यासाठी दुकानदार फेसबुकला देतो ती नंबरांची यादी) चढवला, तर ज्या कामासाठी माहिती दिली त्याबाहेर तिचा वापर होतो आणि ‘डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३’ला हे मान्य नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संमतीविषयीच्या तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात, तेव्हा नवे पावतीपुस्तक छापतानाच ही सुधारणा करून घ्यावी.

पावतीच्या तळाशी मराठीत स्वतंत्र ओळ असावी: ‘नव्या मालाच्या जाहिरातींसाठी माझा नंबर समाजमाध्यमांवर वापरण्यास माझी संमती आहे.’ शेजारची चौकट रिकामी ठेवावी आणि खूण ग्राहकानेच करावी. आधीच खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. संमती मागे घेणेही ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी ‘नको’ असे कळवले, तर त्याचा नंबर दुकानातल्या वहीतून आणि फेसबुकवर चढवलेल्या यादीतूनही काढावा, कारण ही दुसरी यादी हमखास विसरली जाते. अठरा वर्षांखालील मुलांना हेरून जाहिराती दाखवण्यास कायद्याची सर्वसाधारण मनाई आहे.

माझ्या मते लहान दुकानाला याद्यांची फारशी गरजही नसते: भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर असा परिसर निवडून दिलेल्या जाहिरातीसाठी दुकानदाराला कोणाचाही नंबर द्यावा लागत नाही.