इंदूरच्या दगडवाटांसाठी स्किड प्लेट निवडताना
चोरल, पाताळपाणीकडच्या कच्च्या वाटांवर काळा बेसाल्ट लागतो. स्किड प्लेट म्हणजे गाडीचं पोट दगडांपासून वाचवणारा जाड पत्रा; तिथलं कंपनीचं प्लास्टिक कव्हर फक्त चिखल अडवतं. या वाटांवर ३ ते ४ मिमी पोलादी पत्राच हवा. ६ मिमी ॲल्युमिनियम ३ मिमी पोलादापेक्षा सुमारे ३० टक्के हलकं, पण दगडावर सरकण्याऐवजी खरवडून अडकतं.

आधी संप (इंजिनखालची ऑइलची टाकी) झाका, मग गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी), शेवटी डिझेलची टाकी. प्लेट चासीलाच (गाडीच्या सांगाड्यालाच) बोल्ट करा. संपला टेकली तर दणका थेट त्यालाच. बोल्टची डोकी पत्र्यात बुडलेली असावीत, नाहीतर दगड ती घासून टाकतो आणि पाना बसत नाही. प्लेटमधलं ऑइल काढायचं भोक ड्रेन प्लगच्या (संपच्या बुचाच्या) नेमकं खाली आहे ना, पाहा.

माळव्याची काळी माती मात्र फार चिवट! प्लेटवर साचून हवा अडवते, गंज आणते. पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर प्रेशरने धुवा. सायलेन्सरजवळ अडकलेलं वाळकं गवत लगेच काढा, ते पेट घेतं.