जुन्या लुगड्याचं दुपटं: कापडकामाची सुरुवात घरात कशी करावी

कापडात काही करायचं म्हटलं की लोक आधी खोली शोधतात, आणि खोली मिळत नाही म्हणून काम राहून जातं. माझा स्टुडिओ म्हणजे काचा लावून बंद केलेली गॅलरी, सहा फूट बाय चार. पावसाळ्यात वाळत घातलेले कपडे माझ्या डोक्यावर लोंबत असतात. तरी भिंतीवर लावायच्या गोधड्या मी तिथेच शिवते. कुणी विचारलं, सुरुवात कशापासून करू, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: दुपट्यापासून. तान्ह्या बाळाची छोटी गोधडी, साधारण ९० बाय १०५ सेंटिमीटरची. कापड निवडणं, रंग जुळवणं, थर बसवणं, टाका घालणं असं सगळं तिच्यात येतं, आणि मुख्य म्हणजे ती पुरी होते. पहिल्याच फटक्यात पलंगाएवढी वाकळ काढून बसणाऱ्यांची वाकळ तिसऱ्या महिन्यात माळ्यावर गेलेली मी पाहिली आहे.

जागा आणि हत्यारं

टेबल नको, पुसून कोरडी केलेली फरशी पुरे. उजव्या हातानं शिवत असाल तर उजेड डावीकडून येईल असं बसा, नाहीतर टाक्यावर स्वतःच्याच हाताची सावली पडते. भिंतीला एक जुनी घोंगडी खिळ्यांनी ताणून लावा. ती खरखरीत असल्यानं सुती तुकडे तिच्यावर नुसते दाबले तरी बसतात, जड तुकड्याला एक टाचणी पुरते. मांडणी जमिनीवर वाकून पाहण्यापेक्षा समोर उभं राहून पाहिली की चुका लवकर दिसतात.

एका डब्यात सुया, टाचण्या, अंगुस्तान, मेजर टेप, मेणाचा तुकडा आणि जाड सुती दोरा ठेवा. कापडाची कात्री वेगळी. तिनं कुणी कागद किंवा दुधाची पिशवी कापायची नाही, हे घरात भांडण काढून सांगा. एरवी कुणी ऐकत नाही.

कापड गोळा करणं आणि पारखणं

जुनं सुती लुगडं सगळ्यांत चांगलं. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. काठ आणि पदर वरच्या बाजूसाठी वेगळे काढले तरी अस्तर आणि पोटातले थर एकाच लुगड्यात निघतात. शिवाय धोतर, मलमलीचे पंचे, शर्ट, परकर. मात्र विचारल्याशिवाय कुणाच्या लुगड्याला कात्री लावू नका. आमच्या आत्यांनी ‘जुनंच आहे गं’ म्हणून दिलेलं लुगडं मी कापलं, आणि त्यानंतर दोन दिवाळ्या त्या मला त्या लुगड्याची आठवण करून देत होत्या.

कापड सुती आहे की नाही याची शंका आली तर चार धागे ओढून चिमट्यात धरा आणि पेटवा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक गोळी उरते. पॉलिस्टर बाजूला ठेवा. सुई त्यात अडखळते आणि बाळाला त्यात घाम येतो. जरीचा काठ कितीही देखणा असला तरी दुपट्यात नको, तो टोचतो. भिंतीवरच्या कामासाठी जपून ठेवा.

मग प्रत्येक तुकडा खिडकीसमोर उजेडात धरा. जिथे जाळी झालेली दिसेल तिथे दोन्ही हातांनी हलकेच ताणा. चरकन फाटलं तर तो भाग पोटात घालायचा, वर घ्यायचा नाही. नवं कापड वापरणार असाल, अस्तराला मांजरपाट वगैरे, तर रात्रभर पाण्यात भिजवून खळ काढा. ते आत्ता आटू दे, शिवल्यावर आटलं तर सगळं दुपटं गोळा होतं.

आता रंग. हीच पायरी लोक वगळतात. मीही वगळली होती. पहिल्या दुपट्यात मी चोळीचा एक लाल खण घातला, शेजारी आजोबांचं पांढरं धोतर. पहिल्याच धुण्यात धोतर गुलाबी झालं, तेही सारखं नाही, ढगाढगांनी. म्हणून लाल, निळा, काळा असा कुठलाही गडद तुकडा घेताना पांढरा रुमाल ओला करून त्यावर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर तो तुकडा दोन-तीनदा पाण्यातून धुऊन काढा आणि पुन्हा घासून पाहा. तरीही रंग सुटत असेल तर मोह सोडा.

मांडणी

इथे नवखे लोक मोबाइल उघडतात आणि कुणाच्या तरी गोधडीचं चित्र शोधतात. तसं केलंत तर हातातलं कापड त्या चित्राला कधीच पुरं पडत नाही. उलटं करा. सगळे तुकडे घोंगडीवर लावा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. येता-जाता एखादा हलवा. डोळे किलकिले करून पाहिलं की कुठे गडद गोळा झालंय ते कळतं. फोनवर काळा-पांढरा फोटो काढला तर आणखी स्पष्ट दिसतं. मधे मोठे तुकडे, कडेला काठाच्या पट्ट्या, एवढी शिस्त पहिल्या वेळी पुष्कळ झाली.

कल्पना पाहायच्या असतील तर मूळ कापड पाहायला जा. अहमदाबादच्या कॅलिको म्युझियममध्ये (स्थापना १९४९) किंवा पुण्याच्या केळकर संग्रहालयात काचेपलीकडच्या कापडाच्या कडा बघा, जोड कुठे दिलाय ते बघा. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे तुकड्यांची गोधडी, शिवतात. त्यांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून तिथल्या जंगलात गेले, असं मानलं जातं. कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोण असतात, त्यांना त्या फुला म्हणतात. फुलांशिवाय कवंदी त्यांच्या लेखी उघडी. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड गावच्या बायकांनी झिजलेल्या कामाच्या पँटी आणि शर्ट जोडून शिवलेल्या गोधड्या २००२मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. गुडघ्यावरचा विटका चौकोन तिथे तसाच ठेवलेला दिसतो. आणि मुंबईच्या विणकर कलावंत मोनिका कोरिया यांनी तर विणता विणता मागाची फणीच काढली. फणी ताण्याचे धागे सरळ रांगेत ठेवते. ती निघाल्यावर धागे तिरके, सैल, मनासारखे पसरले, आणि तेच त्यांच्या कामाचं रूप झालं. मला या गोष्टीचा उपयोग असा होतो की एखादा तुकडा वाकडाच बसत असेल तर मी आता त्याच्याशी झगडत नाही.

थर आणि कच्चा टाका

वरच्या बाजूचे तुकडे आधी एकमेकांना जोडून घ्या. जोडताना उभा-आडवा धागा सांभाळा. तिरकं कापलेलं कापड ताणलं जातं आणि दुपट्याला पोट सुटतं. मग अस्तर फरशीवर उलटं पसरा, चार कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवा, त्यावर लुगड्याचे एक-दोन थर, सर्वांत वर जोडलेली बाजू. एकूण चारांपेक्षा जास्त थर नकोत, बोटं दुखतात. तळहातानं मधून कडेकडे सारवल्यासारखं फिरवत सुरकुत्या बाहेर काढा.

त्यानंतर लांब लांब कच्चे टाके, मधून सुरू करून कडेपर्यंत, वीतभर अंतरानं. कंटाळवाणं काम आहे. पण ते नीट झालं नाही तर पुढे अस्तर खालच्या खाली सरकतं, आणि ते उलटवून पाहीपर्यंत तुम्हाला कळत नाही. कडा आत दुमडून याच वेळी टाचून घ्या.

धावदोरा

दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता होतो. मेणावरून एकदा ओढा. गाठ थरांच्या मधे लपवा. कडेपासून सुरुवात करून चौकटीमागून चौकट घालत मधल्या बिंदूकडे जायचं, दोन ओळींमधे दोन बोटांचं अंतर, म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटर. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. सुईवर तीन-चार टाके भरून एकदम ओढा. खालचा हात अस्तराच्या बाजूला ठेवा, सुईचं टोक बोटाला लागलं की समजायचं सगळे थर घेतले गेले. पहिल्या आठवड्यात ते बोट शिव्या देईल.

वेळेचा अंदाज असा काढा. दुपट्याचं क्षेत्रफळ ०.९४५ चौरस मीटर, ओळींमधलं अंतर ०.०३ मीटर. भागाकार केला की साडेएकतीस मीटर धावदोरा येतो. माझा हात तासाला साधारण दोन मीटर चालतो. म्हणजे पंधरा-सोळा तास. रोज तासभर बसलात तर दोन-अडीच आठवडे. हा आकडा कागदावर लिहून घोंगडीला टाचा. ‘कधी होणार’ म्हणून जीव टांगणीला लागत नाही, आणि पाहुण्यांनाही सांगता येतं.

काही घरांत मधल्या शेवटच्या चौकटीत, गोधडीच्या पोटात, भाकरीचा कण ठेवून ती बंद करतात. गोधडी उपाशी राहू नये म्हणून. बाळाच्या दुपट्यात मी ठेवत नाही, मुंग्या येतात.

धुणं, टांगणं, वही

कच्चे टाके उसवा, रिठ्याच्या कोमट पाण्यात दुपटं हलकेच धुवा, सावलीत आडवं वाळवा. वाळल्यावर ओळींच्या मधे बारीक लाटा उठतात. इस्त्री करून त्या मोडू नका. भिंतीवर लावायचं असेल तर मागच्या बाजूला वरच्या कडेला नेफा शिवा आणि त्यातून लाकडी दांडी घाला. खिळे थेट कापडात नकोत. थेट ऊन येणारी भिंतही नको, वर्षभरात रंग उडतो.

मागच्या कोपऱ्यात नाव आणि वर्ष दोऱ्यानं काढा. आणि एक वही ठेवा. प्रत्येक कामाला एक पान: कुठलं कापड, कुणाचं, दोरा कोणता, किती तास, काय बिघडलं. दोन टाचण्यांनी कापडाचा नमुनाही लावा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर गुलाबी झालेल्या धोतराचा तुकडा आहे, आणि त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत: आधी ओला रुमाल.