नॉमिनी लावायचाय? आधी शब्द समजून घ्या, मग फॉर्म भरा

खातं उघडताना बँकेत विचारतात नॉमिनी कोण, आपण पटकन बायकोचं नाहीतर आईचं नाव सांगून मोकळे होतो आणि घरात सगळे धरून चालतात की उद्या काही झालं तर पैसे तिचेच. तसं नसतं हो. या एका गैरसमजापायी सख्खी भावंडं कोर्टात जातात, म्हणून आधी तो शब्दच नीट बघूया.

नॉमिनेट हा इंग्रजी शब्द मूळचा लॅटिन, तिकडे नोमेन म्हणजे नाव आणि नोमिनारे म्हणजे नाव घेणं, नावाने सांगणं. संस्कृतातलं नामन् आणि त्यातून आलेलं आपलं नाव हे त्याच जुन्या मुळातले, त्यामुळे मराठी फॉर्मवर जे 'नामनिर्देशन' लिहिलेलं असतं ते अगदी चपखल आहे. शेवटचा ई तोच जो एम्प्लॉयीमध्ये आहे. म्हणजे नॉमिनी कोण, तर ज्याचं नाव दिलंय तो, बस. मालकीचा म ही नाही त्यात.

कायदा पण तेच सांगतो. १९८३ साली सरबती देवी विरुद्ध उषा राणी या विम्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नॉमिनीने पैसे स्वीकारायचे, हक्क वारसांचा, आणि २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी वारसाहक्काच्या वर नाही असंच म्हटलं. अपवाद आयुर्विम्याचा, तिथे २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर साधारणपणे तेच लाभार्थी धरले जातात.

आता फॉर्म. नाव आधारवर आहे तसंच लिहा, हे फार महत्त्वाचं, कारण लग्नानंतर आधारवर सासरचं आडनाव आणि बँकेत दिलेलं माहेरचं असं झालं की दुःखात असलेल्या बाईला दोन्ही नावं एकीचीच हे सिद्ध करायला कागद गोळा करत फिरावं लागतं. नातं आणि जन्मतारीख पण भरा. तुम्ही सही करणार असाल तर बँकेच्या नॉमिनेशनला साक्षीदार लागत नाही, अंगठा असेल तर लागतात. नॉमिनी अज्ञान असेल, म्हणजे १८ च्या आतला, तर त्याच्या वतीने पैसे घेणारा मोठा माणूस नेमावा लागतो, विम्याच्या फॉर्मवर त्याला अपॉइंटी म्हणतात, तो रकाना रिकामा सोडू नका.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, एकतर सगळ्यांना टक्के वाटून (बेरीज १०० झाली पाहिजे) किंवा एकामागून एक, म्हणजे पहिला हयात नसेल तर दुसरा. लॉकरला मात्र एकामागून एक हाच प्रकार. मला विचाराल तर आईवडील म्हातारे असतील तेव्हा एकट्या आईला लावून थांबू नका, पुढचं नाव पण देऊन ठेवा.

पीएफचं वेगळं. लग्न झालं की आधीचं नॉमिनेशन बाद होतं, नवीन भरावंच लागतं आणि ते ईपीएफओच्या पोर्टलवर आधारने ई-साइन करून घरबसल्या होतं. लग्नाच्या धावपळीत हे हमखास राहतं.

आणि पैसा ज्याला मिळावा असं खरंच मनात आहे त्याच्यासाठी मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं. शक्यतो ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नॉमिनी आणि मृत्युपत्रातलं नाव एकच ठेवलं तर भांडणाला जागाच उरत नाही, वेगळी ठेवायची असतील तर दोघांनाही आत्ताच सांगा.

फॉर्म दिल्यावर बँकेकडून पोच घ्या आणि पासबुकवर नॉमिनेशनची नोंद मारून घ्या, मग ती पोच कुठल्या फाइलमध्ये आहे ते घरातल्या एकाला तरी दाखवून ठेवा.